पेवातला गारवा

अकोल्याच्या वैशाखात घरातल्या प्रत्येक वस्तूला तिची गार जागा नेमून दिलेली असते. माठ उत्तरेच्या खिडकीत असतो, औषधे देवघराखालच्या फडताळात असतात, आणि माणसे कूलरच्या झोतासमोर एकमेकांना खेटून बसतात. २०१६ सालच्या मे महिन्यात मी माझ्या जुन्या लॅपटॉपसाठी अशीच एक जागा शोधत होतो आणि ती मिळत नव्हती. लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले होते. नळाला पाणी आठवड्याने येई, आणि कूलरच्या टाकीत बादली ओतताना शेजारी पाहत नाहीत ना, हे बघून घ्यावे लागे.

लॅपटॉप सुरू केला की थोड्याच वेळात त्याच्या पोटाला हात लावता येत नसे. पंखा आधी घरघरे, मग किंचाळे, आणि अखेर पडदा काळा होई. उष्णता मर्यादेबाहेर गेली की असे यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते, हे मला ठाऊक होते, आणि त्यात गूढ असे काहीच नव्हते. यापुढचा मजकूर वाचून कोणी मला भोळसट ठरवू नये, म्हणून हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवले, आणि निवृत्तीनंतर महानुभावांच्या एका जुन्या गद्य पोथीची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्यात बरीच वर्षे घालवली. पोथीची एक प्रत माझी पत्नी मनकर्णा मोठ्याने वाचीत असे. दुसरी प्रत माझ्यासमोर असे. वाक्य जुळले की मी 'पुढे' म्हणायचे, मग तिने पुढचे वाक्य वाचायचे. माझा शब्द आल्याशिवाय तिने वाचू नये, हा शिरस्ता मीच घातला होता. उद्या पाठभेदावरून कोणी वाद काढलाच तर पुरावा असावा, म्हणून हे सारे वाचन मी लॅपटॉपवर एकाच फाइलीत ध्वनिमुद्रित करून ठेवीत असे.

मग मनकर्णाच्या घशात गाठ निघाली. अमरावतीच्या एका रुग्णालयात तिचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले. तेव्हापासून ती गळ्याच्या खळगीतल्या छिद्रातून श्वास घेते; त्यावर एक पातळ फडके बांधलेले असते. बोलणे पाटीवर. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी बाहेर गेलो असताना तिने पोथीची उरलेली पाने एकटीने वाचून त्याच फाइलीत मुद्रित केली होती. हे तिने मला कितीतरी महिन्यांनी कळवले. पाटीवर लिहिले, "अगदी शेवटी मी तुमच्यासाठी काही बोलले आहे."

"काय बोललीस?"

तिने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिले. "लिहायचं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं. ऐका."

ऐकणेच तर अशक्य होऊन बसले होते. ज्या प्रोग्रॅममध्ये हे मुद्रण झाले होते तो आता कुठे मिळत नव्हता. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडत नसे, आणि या संगणकावर उघडली की पहिल्या शब्दापासूनच वाजे. मधून ऐकण्याची सोय बिघडली होती. म्हणजे शेवट ऐकायचा तर यंत्राने सकाळपासून ऊन कलेपर्यंत न थांबता चालायला हवे. ते तर पहिल्या काही पानांतच धाप लागून कोसळत होते. मनकर्णाचा आवाज पृथ्वीवर एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता, आणि त्यातले जे माझ्यासाठी होते ते नेमके टोकाला होते.

मी उपाय केले. विटांवर ठेवून पाहिले, उलथ्या पितळी ताटावर ठेवून पाहिले. कूलरसमोर ठेवले तर कळफलकाला दव धरले. बर्फ लावला तर ताटाला घाम फुटून पाणी यंत्राकडे ओघळू लागले. अखेर मनकर्णाच्या तपासणीसाठी अमरावतीला गेलो, तेव्हा राजकमल चौकाजवळच्या संगणक दुरुस्तीच्या गाळ्यात सरफराजला लॅपटॉप दाखवला. तो माझा विद्यार्थी. मराठीत दोनदा नापास झाला, आणि ते तो मला दर भेटीत आनंदाने आठवून देतो. त्याने यंत्र उघडले, धूळ फुंकली, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, एसीच्या झोतात चालवून पाहिले. पहिलीच पाने, आणि पडदा काळा.

"सर, खोली थंडी होऊन राहिली, पोट नाई होत," तो म्हणाला. "या मॉडेलचा पंखा आता भेटत नाई. याच्या बुडाले सीधी सुकी थंडक पायजे. पानी नाई, बरफ नाई. अशी जागा असन तं पाहा." लाइट गेली तर आधार म्हणून त्याने एक बॅटरीचा डबा बरोबर दिला आणि हसून म्हणाला, "माह्या पेपरातल्या मार्कांपेक्षा तं जास्त टिकन."

तिथून आम्ही तिवशाजवळ मनकर्णाच्या माहेरी गेलो. तिचे थोरले भाऊ सूर्यभान आणि वहिनी गोदाबाई दोघेच तिथे राहतात. खबर वाईटच असणार, म्हणून त्या वर्षी गावात शिरल्यावर 'काय खबर' असे विचारण्याची रीत बंद पडली होती. लोक नुसते हात वर करीत. सूर्यभानांनी माझी अडचण ऐकून घेतली.

"आमची म्हैस बी इतकी नखरेल नोती, जवाईबुवा," ते म्हणाले. "थंडच पायजे असन तं आपलं पेव हाय ना मांगं."

"त्याले कायले उघडता?" गोदाबाई चुलीपासून म्हणाल्या. "रिकामं हाय ते."

पेव म्हणजे जमिनीत खोदलेली धान्याची कोठी. वर माणूस उतरेल एवढे तोंड, आत माठासारखे फुगलेले खोल पोट, भिंतींना कडब्याचे अस्तर. पूर्वी त्यात ज्वारी भरून वर शिळा बसवीत. शेतात कपाशी आणि सोयाबीन आल्यापासून घरी साठवण्याइतकी ज्वारी होत नव्हती, आणि पेव कित्येक वर्षे उघडले नव्हते. अशा बंद पेवात विषारी हवा साचते. त्या हवेने आत उतरलेली माणसे मेल्याचे मी ऐकले होते. म्हणून सूर्यभानांनी शिळा सरकवल्यावर मी ते दिवसभर उघडे ठेवायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील दोरीने तळापर्यंत सोडून पाहिला. ज्योत सरळ जळत राहिली. हवा निर्दोष होती. माझे समाधान झाले.

गोदाबाईंचे झाले नाही.

"हवेचं नाई म्हणत मी," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पेवावर तोंड करून बोलू नाई जी."

"का?"

"नाई बोलत. आमच्या सासूबाई बी नोत्या बोलत."

"पण कारण काही असेल ना?"

"तुमाले सगळ्याचंच कारण पायजे," असे म्हणून त्या आत गेल्या. ज्या निषेधाला कारण सांगता येत नाही तो मानायचा नाही, हा माझा जुना बाणा आहे, आणि तो मी तेव्हाही सोडला नाही.

आम्ही पेवाच्या तोंडावर लोखंडी जाळी टाकली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला, वर कडुलिंबाची सावली होतीच. बॅटरीचा डबा जोडला, आणि नक्कल घेण्यासाठी माझा मोबाइल शेजारी ठेवला. जाळीतून गारवा वर येत होता. गार हवा जड असते, ती तळाशी बसायला हवी. वर यायचे तिला कारण नव्हते. हे मला तेव्हाच खटकले. परंतु यंत्राचे बूड गार राहते आहे, हे हाताला कळत होते, आणि मी तेवढ्यावर वाद मिटवला.

मनकर्णा बाजेवर येऊन बसली. मी फाइल उघडली. तिचा आवाज आला. भरदार, किंचित खर्जातला, शब्दान्ती न घसरणारा. सूर्यभानांनी उपरण्याने डोळे टिपले आणि म्हणाले, "लहानपणी असंच ओरडे माह्यावर." मनकर्णा हसली, हसताना गळ्यावरचे फडके उडाले.

जिथे यंत्र नेहमी मान टाकी ते पान आले आणि गेले. त्याच्या पुढचे गेले. पंखा घरघरलाही नाही. मी कान लावला, तर तो फिरतच नव्हता. बूड मात्र माठाइतके गार होते. वाक्यामागून वाक्य येत होते, त्यांच्यामध्ये माझा तेव्हाचा, जरा उद्धट असा 'पुढे' येत होता, आणि पेवातून त्या दोन्हींचा मंद पडसाद उमटत होता.

दुपारी गावाची वीज गेली. बॅटरीचा डबा काही वेळ चिवचिवला आणि गप्प झाला. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी केव्हाच निकामी झालेली; यंत्र त्या क्षणी विझायला हवे होते. मनकर्णाचा आवाज एका अक्षरानेही अडखळला नाही.

"बंद करा ते," गोदाबाई दारातून म्हणाल्या.

"लाइट गेली तरी चालून राहिलं, चांगलंच हाय की," सूर्यभान म्हणाले; पण त्यांनी बाज पेवापासून थोडी मागे ओढली.

बॅटरीत थोडा अंश उरला असेल, असा तर्क मी केला. उरलेला अंश किती पुरतो, हे मी मुद्दाम मोजले नाही.

उन्हे उतरू लागली तेव्हा मनकर्णाने माझ्या गुडघ्यावर पाटी टेकवली. लिहिले होते, "खालून आधी येतंय."

"काय आधी येतंय?"

तिने पेवाकडे बोट केले. मी म्हणालो, पडसाद हा आवाजानंतरच येतो. आधी येणारा पडसाद हे वदतोव्याघाताचे उदाहरण आहे. तिने ओठांवर बोट ठेवले. मी ऐकू लागलो.

शब्द पेवातून येत होता, आणि मग लॅपटॉप तो उच्चारीत होता.

अंतर अगदी थोडे होते. पण मी जन्मभर वाक्ये ऐकत आलो आहे. क्रम मला कळतो. मी उठून यंत्र बंद करायला हवे होते. मी उठलो नाही, कारण शेवटची पाने सुरू झाली होती. ती तिने एकटीने वाचली होती. त्यांत माझा आवाज नव्हता. तरीही प्रत्येक वाक्यानंतर तिने सवयीने माझ्या शब्दापुरती जागा सोडली होती. बंद घरात, उद्या आवाज जाणार हे माहीत असताना, ती प्रत्येक वाक्यापाशी थांबून माझी वाट पाहत होती.

ते मला सोसले नाही. त्या मोकळ्या जागा मी भरू लागलो. वाक्य संपले की मी म्हणे, "पुढे." जाळीवर वाकून, अगदी वेळेवर. मनकर्णाने माझा दंड धरला होता. ती ऐकत असावी, असे मला वाटले. आता वाटते, ती मला मागे ओढत होती.

पोथीचे समाप्तिवाक्य आले. आवाज थांबला.

नेहमीइतकीच जागा गेली. मी म्हणालो, "पुढे."

लगेच लॅपटॉपमधून मनकर्णाचे बोलणे आले. पोथीच्या भाषेत नव्हे, घरातल्या.

"अहो, संपलं. इतकी वर्षं तुम्ही पुढे म्हणालात नि मी वाचत गेले. एकदा तरी 'थांब' म्हणाल, असं वाटायचं. मी दमले हो. उद्यानंतर जे काही होईल ते होऊ दे. मला ओढून नेऊ नका. आता पुढे म्हणू नका."

यंत्राचा पडदा विझला.

पेवातला आवाज थांबला नाही.

तो वाचत होता. मनकर्णाचाच आवाज, तोच खर्ज, तीच शब्दान्तीची ठाम पकड. भाषा पोथीची होती. शैली निर्दोष होती. मजकूर मात्र कोणत्याही प्रतीत नव्हता. दोन्ही प्रती मला तोंडपाठ आहेत.

"तव ते बाइ उठिली. पेवाचेया तोंडासि आली."

मनकर्णा बाजेवरून उठली होती.

"वांकौनि पाहिलें."

ती वाकली. मी तिला धरले. तिच्या गळ्यावरचे फडके प्रत्येक शब्दासरशी बाहेर उडत होते आणि आत येतच नव्हते. खालचा आवाज श्वास घेत नव्हता. सारा श्वास तिचा जात होता. तिचे ओठ निळे पडू लागले.

"थांब!" मी ओरडलो. "मनकर्णा, थांब!"

आवाज वाचत राहिला.

"मनू!" सूर्यभान धावले. गोदाबाईंनी जाळी उपसून फेकली. लॅपटॉप मातीत पडला. सूर्यभानांनी शिळेला खांदा दिला.

"तियेचा भाऊ शिळा लोटी," पेवाने वाचले.

शिळा सरकली. तोंडाची फट अरुंद होत गेली.

"मग तो म्हणे..."

शिळा बसली.

मनकर्णाने श्वास आत घेतला. नुसता तेवढा एक श्वास आम्ही तिघेही ऐकत राहिलो.

लॅपटॉप उचलायला गेलो तर हात पोळला. इतका वेळ गार असलेले यंत्र तव्यासारखे तापले होते; पडल्या जागी त्याचे बूड वितळून माती चिकटली होती. पुढे सरफराजने ते उघडले, बराच वेळ पाहिले, आणि एकही विनोद न करता परत दिले. मोबाइलवरची नक्कल मी लावून पाहिली. तीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझाच आवाज आहे. आधी तेव्हाचा उद्धट 'पुढे', मग आताचा 'पुढे', आणि मध्ये वाक्यावाक्याएवढी शांतता. मनकर्णा त्यात कुठेही नाही.

आम्ही अकोल्याला परतलो. गोदाबाईंचा फोन आला, मी न विचारताच त्या म्हणाल्या, "शिळेवर माती टाकली. तुमी बाईले सांभाळा." मी म्हणालो, बाई बऱ्या आहेत. त्या वेळी तसेच दिसत होते.

पहिल्यांदा ते दुपारी जेवताना घडले. मनकर्णाचा श्वास बाहेर गेला आणि परत आला नाही. घास हातात, डोळे उघडे, चेहरा शांत. धडपड नव्हती, वाक्य संपवून माणूस थांबते तशी ती थांबली होती. मी पाठ चोळली, फडके काढले, छिद्र मोकळे असल्याचे पाहिले. ओठ निळे होऊ लागले. मी घाबरून काहीबाही बोललो असेन. डॉक्टरांना बोलावतो, पाणी आणतो, देवा. कशानेही काही झाले नाही. अखेर माझ्या तोंडून कोणता शब्द निघाला, ते मी इथे वेगळे लिहीत नाही. तो निघाला आणि तिने श्वास घेतला.

अमरावतीच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडले नाही. त्यांच्या खोलीत ती अखंड श्वास घेत होती, कारण मी शेजारी उभा राहून पुटपुटत होतो. तो शब्द मी मोबाइलवर मुद्रित करून तिच्या उशाशी वाजवून पाहिला. तो तिला चालत नाही. दिवसा सोबतीला येणाऱ्या चतुराबाईंकडून वदवून पाहिला.

"हे काय म्हनाले लावून राहिले, काका?" त्यांनी विचारले, आणि तरीही म्हटले. तोही चालला नाही.

माझाच लागतो, आणि जिवंत लागतो.

आरंभी दिवसातून क्वचित होई. आता प्रत्येक वाक्याएवढ्या अंतराने होते, आणि वाक्ये आखूड होत चालली आहेत. झोप अशी मला उरलेली नाही. हा मजकूर तुटक वाटला तर त्याचे कारण हेच. माझ्या गद्याला अशी धाप लागण्याची सवय नव्हती.

मनकर्णा समोर बसली आहे. शुद्धीवर आहे, तिला सारे कळते. पाटी तिने पुसायचे सोडून दिले आहे. तीवर कालपासून तिच्या मुद्रणातले शेवटचेच शब्द आहेत, आणि ते मी वाचलेले आहेत. आता तिचा श्वास बाहेर गेला. फडके स्थिर झाले. ती माझ्याकडे पाहते आहे, आणि माझे तोंड झाकण्यासाठी तिने हात उचलला आहे. तो फार सावकाश येतो. पोहोचायच्या आत मी म्हणतो.